खिडकीतले दुकान

१४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्या रात्री आमच्या वस्तीत दारोदार मेणबत्त्या लागल्या, विहारापुढे खिरीचे पातेले चढले. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मला चहापत्ती आणि साखर आणायला गावातल्या दुकानावर पाठवले. दुकान उघडे होते. दुकानदार गादीवर बसलेला होता आणि त्याच्या पाठीमागे पोत्यांची थप्पी मला दिसत होती. तो म्हणाला, "माल संपला." मी तेरा वर्षांचा होतो. संपला म्हणजे काय, ते मला घरी येईपर्यंत समजले नाही.

पुढचे बावीस दिवस त्याचा माल संपलेलाच होता. आमची वस्ती पस्तीस घरांची. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, वेगळा जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. वडील हिंगोलीच्या मोंढ्यात हमालीला जात. संध्याकाळच्या एस.टी.ने ते दोन पिशव्या भरून मीठ, मिरची, गोडेतेल, काडीपेट्या आणू लागले. आई ते सामान घराच्या खिडकीत मांडून बसे आणि ज्याला जे लागेल ते आणलेल्या भावाने देई. वर फक्त एस.टी.च्या भाड्यापुरते पैसे घेई. तेविसाव्या दिवशी गावातल्या दुकानदाराने निरोप धाडला की माल आला आहे. वस्तीकडे त्याची उधारी अडकली होती, हे त्यामागचे खरे कारण. लोक पुन्हा तिकडे जाऊ लागले. आईने मात्र खिडकी बंद केली नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, हे सांगायचे कारण असे की दुकान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धंदा येतो, नफा-तोटा येतो. आपल्या समाजाच्या बाबतीत त्याच्या आधी आणखी एक गोष्ट येते. आमची आजी सांगायची की तिच्या लहानपणी पैसे उंबऱ्यावर ठेवायचे, दुकानदार त्यावर पाणी शिंपडून ते उचलायचा आणि माल वरून पदरात टाकायचा. १९३० साली मुंबई सरकारला सादर झालेल्या स्टार्ट समितीच्या अहवालात याहून गंभीर गोष्ट नोंदलेली आहे. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. अस्पृश्य आपले हक्क बजावू लागले की गावातले सवर्ण त्यांच्यावर बहिष्कार टाकतात, आणि त्या बहिष्काराचा एक भाग म्हणजे गावच्या वाण्याने त्यांना जगण्यापुरत्या वस्तूही विकणे बंद करणे, असे त्यात म्हटले आहे. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली, तिला याच अनुभवाचा आधार होता. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि तो अहवाल मुंबई इलाख्याचा. पण गाव इथून तिथून सारखेच.

पुढे संविधानाच्या १५ व्या कलमात दुकानात प्रवेशाचा हक्क नावानिशी आला. अस्पृश्यतेच्या कारणावरून माल विकायला नकार देणे हा १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरला. १९९४ साली हे दोन्ही कायदे होते, तरी माल संपला होता. आमच्या वस्तीतल्या कोणी फिर्याद दिली नाही. का दिली नाही, हे ज्यांना वर्षभर त्याच गावात रोजगाराला जायचे असते त्यांना सांगायला नको.

चक्षु, चातुर्य आणि आधार

आईचे भांडवल पाचशे रुपयांचे. दोनशे मामाने दिले आणि तीनशे चांदीचे कडे गहाण ठेवून आले. आईला अक्षरओळख नाही. उधारी ती भिंतीवर कोळशाने मांडायची. प्रत्येक घराची एक खूण, कोणाचा विळा, कोणाची घागर, कोणाची बकरी. रुपयाला एक उभी रेघ आणि पाच झाल्या की आडवी. मी नववीत गेल्यावर वही घातली, तरी ती आधी भिंत बघायची आणि मग वहीतला आकडा माझ्याकडून वाचून घ्यायची. दोन्हींत फरक निघाला तर बहुतेक वेळा वहीच चुकलेली असे.

अंगुत्तर निकायात दुकानदारावर दोन लहान सुत्ते आहेत. पालीत दुकानदाराला पापणिक म्हणतात. पहिल्यात भगवंत सांगतात की जो दुकानदार सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी आपल्या कामात मन लावत नाही, त्याला संपत्ती मिळत नाही आणि मिळालेली वाढत नाही. दुसऱ्यात दुकानदाराच्या अंगी तीन गोष्टी हव्यात असे म्हटले आहे. त्याला चक्षु हवेत, म्हणजे हा माल एवढ्याला घेतला, एवढ्याला विकला, यात एवढे गुंतेल आणि एवढे सुटेल हे दिसायला हवे. त्याला खरेदी-विक्रीचे चातुर्य हवे. आणि त्याला आधार हवा, म्हणजे हा माणूस बायकापोरे सांभाळून पैसे वेळच्या वेळी परत करील, असा विश्वास वाटून भांडवल देणारे लोक हवेत. हा उपदेश भिक्खूंना धम्माच्या बाबतीत दृष्टांत म्हणून केलेला आहे. तरी दृष्टांत द्यायलाही दुकान किती बारकाईने पाहिलेले असावे लागते! मी बी.कॉम.च्या तीन वर्षांत जे शिकलो, त्याचा गाभा या दुसऱ्या सुत्तात सापडला.

आईला यातले चक्षु लवकर आले. सुरुवातीला शेजारच्या एका पोराच्या सांगण्यावरून तिने शाम्पूच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. सहा महिन्यांत एक गेली. मग पुड्या आल्या. तामिळनाडूतल्या कडलूरच्या सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली 'चिक' शाम्पू पुडीत आणला आणि पुढे मोठमोठ्या कंपन्यांना त्याच वाटेने यावे लागले. रोजाने जगणाऱ्या बाईला बाटली परवडत नाही, पुडी परवडते. आईने हिशेब केला तो असा: बाटलीत पैसा सहा महिने झोपतो, पुडीत आठ दिवसांत परत येतो.

हे जरा आकड्यांत सांगतो, कारण आपल्यातले नवे दुकानदार इथेच फसतात. पाच हजारांचा माल आहे आणि शेकडा दहा सुटतात असे धरा. तो माल महिन्यात एकदाच फिरला तर पाचशे सुटले. तोच माल आठवड्याला फिरला तर दोन हजार. भांडवल तेवढेच. म्हणून दुकान भरलेले दिसण्यापेक्षा रिकामे होऊन पुन्हा भरणारे हवे. फळीवर धूळ बसलेला डबा हा माल नव्हे, तो अडकलेला पैसा आहे.

उधारीचा हिशेब याहून कठीण. नव्वदला घेतलेला माल शंभराला उधार दिला आणि पैसे बुडाले, तर दहा रुपये बुडाले असे लोक समजतात. बुडतात नव्वद. ते भरून काढायला आणखी नऊशे रुपयांचा माल रोखीने विकावा लागतो. एक उधारी, नऊ गिऱ्हाइके! पण वस्तीतल्या दुकानात उधारी बंद असा फलक लावून चालत नाही. समोरची बाई कालच आपल्याबरोबर निंदणीला होती आणि तिच्या घरी चूल पेटायची आहे. आईने यावर ठरवलेली रीत अशी: मीठ, तेल, चहापत्ती, साखर आणि पीठ उधार मिळेल. गोळ्या, पावडर, बिस्कीट, तंबाखू रोखच. आणि आधीची रेघ पुसल्याशिवाय ठरलेल्या आकड्यापुढे जायचे नाही, मग ते सख्ख्या चुलत्याचे घर का असेना. चुलत्याशी त्यापायी दोन वर्षे बोलणे बंद होते.

पाच जिन्नस

२००२ साली वडील ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडले. नांदेडला न्यावे लागले, ऑपरेशन झाले. दुकानाचे भांडवल तोवर नऊ हजारांवर गेले होते. सहा आठवड्यांत ते सगळे औषधात गेले. उरलेला माल घरात खाल्ला. चार महिने खिडकी बंद राहिली.

त्या काळात मी आईला घेऊन एका बँकेत गेलो. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. त्याच्या अनुदान योजनेत बँकेचे कर्ज आणि महामंडळाचे अनुदान अशी जोड असते. कागद सगळे जोडले होते. साहेबांनी अर्ज चाळला आणि विचारले, "दुकान वस्तीत? तिथे घेणार कोण?" फाईल तिथेच राहिली. मी आठ चकरा मारल्या. नवव्या वेळी आई म्हणाली, "तेवढ्या भाड्यात तेलाचा डबा आला असता."

बाबासाहेब अमेरिकेतून शिकून आले. बडोद्याची नोकरी सुटल्यावर त्यांनी मुंबईत शेअर बाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याची एक पेढी काढली होती, हे आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नसते. सल्ला देणारा कोण आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि पेढी बंद करावी लागली. अर्थशास्त्रात त्यांच्या तोडीचा माणूस त्या बाजारात दुसरा नसेल. १९१८ च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. दुकान बुडाले की माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. त्यात स्वतःची चूक किती आणि समोरच्याच्या मनातली जात किती, हा हिशेब वेगळा मांडला पाहिजे. तो न मांडता आपले लोक "आपल्याला धंदा जमत नाही" असे म्हणून मोकळे होतात, याचे मला वाईट वाटते.

सुत्तातला आधार शेवटी बँकेत नव्हे, वस्तीतच सापडला. वस्तीत बारा बायकांचा बचत गट होता. गटांना बँकेशी जोडण्याचे काम नाबार्डने १९९२ साली सुरू केले होते आणि आमच्याकडे ते वारे उशिरा आले. गटाने आईला शेकडा दोन रुपये महिना व्याजाने दोन हजार दिले. दोन हजारांत पूर्वीसारखे दुकान मांडता येत नव्हते. तिने पाचच जिन्नस आणले: मीठ, गोडेतेल, साखर, चहापत्ती, काडीपेटी. वर्षभर दुसरे काही आणले नाही. पोरे गोळ्या मागायची, ती नाही म्हणायची. दहा महिन्यांत कर्ज फिटले आणि मगच सहावा जिन्नस आला. तो कपडे धुण्याचा साबण होता.

त्या वेळेपासून मी तिला दोन वह्या घालून दिल्या, एक दुकानाची, एक घराची. घरात मूठभर साखर नेली तरी ती दुकानाच्या वहीत उचल म्हणून लिहायची. दीघ निकायातल्या सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत असे आहे: एक उपभोगाला, दोन कामधंद्यात, चौथा अडचणीच्या वेळेसाठी. आमच्याकडे चौथा भाग कधी नव्हताच, म्हणून तर २००२ साली दुकान गेले. तो आता पोस्टात असतो आणि आई त्याला "ट्रॉलीचे पैसे" म्हणते.

पाकीट आणि सुटे

आमच्याकडे दुकानाचा हंगाम शेताप्रमाणे बदलतो. दसऱ्यानंतर वस्तीतली निम्मी घरे ऊसतोडीला जातात आणि खिडकी ओस पडते. पूर्वी आई ते महिने कसेबसे काढायची. नंतर तिला दिसले की वसमत-कळमनुरीकडे आणि आमच्या शिवारातही हळद वाढली आहे. फेब्रुवारीपासून हळदीची काढणी, शिजवणी, वाळवणी सुरू होते आणि शिजवणीच्या कढईजवळ रात्रंदिवस माणसे असतात. तिने डोक्यावर पाटी घेऊन तिकडे चहा, बिस्किटे, काडीपेट्या, बॅटरीचे सेल न्यायला सुरुवात केली. उन्हाळ्यात चौदा एप्रिल येतो. निळे झेंडे, मेणबत्त्या, पताका, बाबासाहेबांचे फोटो यांवर त्या आठवड्यात जे सुटते ते एरवी दीड महिन्यात सुटत नाही. जूनमध्ये वह्या-पेन. हे सगळे तिला कोणी शिकवले नाही. विकले गेले नाही ते पुढच्या वर्षी आणायचे नाही, एवढेच ती करीत आली.

२००६ च्या सुमाराला धाकट्या भावाने मोबाईलची खरवडायची कूपने ठेवली. गावात दुसरीकडे ती मिळत नव्हती. त्यामुळे गावातली पोरे पहिल्यांदा बौद्धवाड्यात गिऱ्हाईक म्हणून आली. रिचार्जबरोबर बिस्किटाचा पुडा घेऊ लागली, साबण घेऊ लागली. आम्हाला आनंद झाला. मग एके दिवशी वही तपासताना माझ्या ध्यानात आले की गावातले लोक आमच्याकडून फक्त कंपनीचा पाकीटबंद माल घेतात. सुटा गूळ, सुटी डाळ, सुटी चहापत्ती एकानेही कधी घेतलेली नव्हती. आईला विचारले तर ती म्हणाली, "तुला आज कळालं व्हय? मी तर त्याच्यासाठीच पाकिटं वाढवली." तिने आपला धंदा त्यांच्या विटाळाप्रमाणे बदलून घेतला होता आणि त्यावर नफाही काढत होती. मला ते पटले नाही, आजही पटत नाही. यावर आमचे पुष्कळ भांडण झाले. ती म्हणते, पाकिटाचा पैसा आणि सुट्याचा पैसा गल्ल्यात एकाच जागी पडतो.

एका बाबतीत मात्र तिने गल्ला पाहिला नाही. वर्षावासात विहारात वाचन चालू असताना भन्तेजींनी उपासकाने न करायचे पाच व्यापार सांगितले: शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचे. आईने विचारले, "गुटखा ह्याच्यात येतो का?" भन्तेजी हसले आणि म्हणाले, तुम्हीच ठरवा. दुसऱ्या दिवशी खिडकीवरच्या माळा उतरल्या. रोजच्या विक्रीचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. राज्यात गुटख्यावर बंदी आली ती २०१२ साली, त्याच्या सात वर्षे आधीची ही गोष्ट. तंबाखूच्या पुड्या मात्र अजून आहेत. दर वर्षावासाला मी बोलतो, दर वर्षी ती "पुढच्या वर्षी" म्हणते.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा एक गंमत झाली. ज्या उधाऱ्या आम्ही बुडीत धरल्या होत्या त्या आठवड्याभरात चालत घरी आल्या, सगळ्या पाचशेच्या नोटांत! आईने त्या घेतल्या आणि तीन दिवस बँकेच्या रांगेत उभी राहून खात्यात भरल्या. पुढचे दोन महिने मात्र कोणाकडेच सुटे नव्हते. तेव्हा भिंतीवरच्या खुणा परत आल्या.

टाळेबंदी लागली ती २५ मार्च २०२० रोजी. किराण्याला मुभा होती, पण माल येत नव्हता. गावातल्या दुकानात तेलाचा भाव दर दोन दिवसांनी चढत होता. आईने भाव वाढवला नाही, फक्त एका घराला एक किलो असे माप बांधले. त्या दिवसांत कंपनीची पाकिटे संपली आणि पोत्यातली सुटी तूरडाळ तेवढी उरली. ती घ्यायला गावातली माणसे आली. ओळीत उभी राहिली, तोंडाला रुमाल बांधून. ज्याने १९९४ साली "माल संपला" म्हटले होते, त्याच्या घरचा नातूही एका सकाळी आला. आईने त्याला किलोभर डाळ जोखून दिली. मी नंतर विचारले, काही बोलली का? ती म्हणाली, "बोलायचं काय त्यात? किलोची डाळ किलो दिली." टाळेबंदी उठल्यावर त्यांतली तीन-चार घरे सुटा माल घेत राहिली, बाकीची पाकिटावर गेली.

आपल्या पत्रांतून मोठ्या उद्योजकांच्या कथा येतात आणि त्या यायलाच हव्यात. अकोला जिल्ह्यातल्या रोपरखेड्याच्या कल्पना सरोज मुंबईत दोन रुपये रोजाने शिवणकाम करीत होत्या. पुढे सरकारी योजनेतून कर्ज घेऊन त्यांनी फर्निचरचा धंदा केला, कमानी ट्यूब्ज ही बुडालेली कंपनी उभी केली आणि २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मिलिंद कांबळे यांनी २००५ साली पुण्यात दलित उद्योजकांचे 'डिक्की' हे चेंबर स्थापन केले. परंतु वस्त्यावस्त्यांतून ज्या खिडक्या उघड्या आहेत त्यांचा हिशेब कोणी लिहीत नाही. मी कार्यकर्ता म्हणून सेनगाव, औंढा, कळमनुरीकडे फिरतो तेव्हा अशा दुकानांत मुद्दाम जाऊन बसतो. बहुतेकांना वही नसते. वही असली तर ती उधारीची असते. खरेदीची नसते आणि घरात काय नेले त्याची तर नसतेच. ज्या घरात कॉमर्स शिकलेला मुलगा किंवा मुलगी आहे त्यांनी रविवारचा एक तास आपल्या वस्तीतल्या दुकानाला द्यावा, एवढी माझी विनंती आहे.

आमच्या खिडकीत आता पैसे आल्याचे मोठ्याने सांगणारा डबा बसला आहे. त्याचे महिन्याचे भाडे पडते, म्हणून मी नको म्हणत होतो. आईला तो फार आवडला. सत्तरीतल्या, न वाचता येणाऱ्या दुकानदारणीला कोणी फोन दाखवून फसवू शकत नाही, हे त्या भाड्याच्या मानाने स्वस्तच म्हणायचे. पण त्याच फोनवरून वस्तीतली पोरे आता साबण-तेलही मागवतात आणि ते घरपोच येते. पाकिटांवरचा नफा गेल्या दोन वर्षांत निम्म्यावर आला आहे.

यावर भावजयीने मिरची-हळद कांडपाचे यंत्र घ्यायचे काढले आहे. हळद आमच्या शिवारातली आणि तिखट-हळदीची पुडी मात्र लांबून येते, हे तिचे म्हणणे बरोबर आहे. यंत्र बसवायला पडवी पुरते, मापे घेऊन झाली. अडचण एकच आहे. कांडप म्हणजे सुटा माल, गाव आपली मिरची बौद्धवाड्यात आणील का? मी हे बोलून दाखवले तेव्हा आई खिडकीत शेंगदाणे निवडत होती. म्हणाली, "आपली पस्तीस घरं हायत, आजूबाजूच्या चार वस्त्या हायत. आधी तेवढ्यावर हप्ता निघतो का ते बघ." सिंगल फेजवर चालणाऱ्या यंत्रांचे दोन ठिकाणचे दरपत्रक मी हिंगोलीत घेतले आहे. या रविवारी गावी जाताना ते आणि दोन्ही वह्या बरोबर नेणार आहे.